प्राथमिक वर्गात शरीराचा धडा कुठून आला

तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासात आज हृदय, फुप्फुसे, जठर भेटतात. मुले मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजतात. पण प्राथमिक शाळेत शरीर आधी आले ते स्वच्छतेच्या निमित्ताने. नखे दाखवा, दात दाखवा, केस विंचरून या, एवढेच.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमचा, म्हणजे हातकामातून शिक्षणाचा विचार पुढे आला. तिथे नेमलेल्या झाकीर हुसेन समितीच्या आराखड्यात सामान्य विज्ञानात वनस्पती-प्राण्यांबरोबर शरीरशास्त्र आणि आरोग्यही होते.

त्यानंतरचा टप्पा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ सोबतीला होत्या. पाड्यावरच्या मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे हा त्या शिक्षणाचाच भाग होता. शरीराचा पहिला धडा तिथे पाण्याच्या बादलीपाशी झाला. आपले अंग लाजण्याची नव्हे, निगा राखण्याची गोष्ट आहे, हे मूल पुस्तक हाती येण्याआधीच शिकत होते.

१९७५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने प्राथमिक स्तरावर परिसर अभ्यास हा विषय सुचवला, आणि शरीर त्यात सामावले. ते योग्यच झाले. मुलाला स्वतःच्या शरीराहून जवळचा परिसर कोणता?

तरी एक भाग कोराच राहिला. लहान वर्गांच्या चित्रांत पोटाखाली सहसा एकदम पायच येतात. हा संकोच जुना आहे. १९२७ पासून लैंगिक आरोग्यावरचे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणाऱ्या र. धों. कर्व्यांना मोठ्यांसाठी लिहूनही अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. २००७ मध्ये तर किशोरवयीनांसाठीच्या लैंगिक शिक्षणावर महाराष्ट्रात बंदी आली.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने हा विषय पुन्हा शाळेच्या दारात आणला. सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श, १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक, हे आता पहिली-दुसरीतही सांगितले जाते. पण स्पर्श शिकवायचा आणि अवयवाचे नाव टाळायचे, अशी ओढाताण अजून चालू आहे. घरी निदान 'शू करायची जागा' म्हणतात, वर्गात पुष्कळदा तेही नाही. पॉक्सोखाली मुलाचा जबाब त्याच्याच शब्दांत नोंदवायचा असतो. ते शब्द मुलाला द्यायचे की नाही, हे आजही बऱ्याच ठिकाणी त्या वर्गाच्या बाईंच्या धीरावर अवलंबून आहे.