अंदाज दुप्पट केला म्हणजे प्रोजेक्ट वाचतो?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत ईआरपी (स्टोअर, बिलं, हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवताना सल्ला ठरलेला: ‘येईल तो आकडा दुप्पट धरा, मग चिंता नाही.’ हे खरं नाही. दुप्पट होतं ते यादीतलं काम. प्रोजेक्ट बुडतो यादीत नसलेल्या कामानं. एकच कास्टिंग (ओतीव भाग) स्टोअरच्या वहीत एका नावानं, बिलात दुसऱ्या, एक्सेलमध्ये तिसऱ्या. ते जुळवायचे दिवस कोटेशनमध्ये कुणी धरतंय होय?

कामाचे दोन-तीन दिवसांचे तुकडे पाडा. जे तुटत नाही त्याला तीन आकडे लावा: कमीत कमी ४ दिवस, बहुधा ६, वाईटात वाईट २०. मधल्याची चौपट, अधिक उरलेले दोन, भागिले सहा: ८ दिवस. पण ४ आणि २० मध्ये एवढी दरी असेल, तर आधी पन्नास आयटम ईआरपीत प्रत्यक्ष भरून बघा आणि मगच कोटेशन द्या.