चढ शेवटी असतो: मराठवाड्याच्या डोंगरात आमच्याबरोबर चालायला येणाऱ्यांसाठी

नाव नोंदवायला फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: "मराठवाड्यात कुठले आले डोंगर?" विचारणारा बहुतेक वेळा इथलाच असतो. हरिश्चंद्रगड दोनदा करून आलेला, पण कन्नडच्या पुढं आपलं पठार कुठं संपतं ते न पाहिलेला. त्याचा दोष नाही. आपल्या बाजूनं जाणाऱ्याला डोंगर दिसतच नाही. कन्नड सोडलं की मक्याची, कपाशीची रानं लागत राहतात आणि एका वळणावर जमीनच संपते. खाली चाळीसगावचा मुलूख पसरलेला असतो. अजिंठ्याची रांग आपल्याला अशी वरून भेटते.

हे आधी सांगायचं कारण, आमच्या निम्म्या सूचना यातूनच निघतात. सह्याद्रीत माणूस सकाळी ताज्या पायांनी चढतो आणि दुपारी उतरतो. इथं उलटं. सकाळच्या गारव्यात तुम्ही गप्पा मारत दरीत उतरता, निम्मं पाणी पिऊन टाकता, आणि दुपारी दोनच्या उन्हात तीच वाट चढून वर यायचं असतं. पितळखोऱ्याच्या लेण्यांना हेच, बीडकडे सौताड्याला रामेश्वराच्या दरीतही हेच. उतरताना पाय किती हलके होते यावर जाऊ नका. वाटाड्या "आता फिरा" म्हणाला की फिरायचं, कुंड समोर दिसत असलं तरी.

पाण्याचा हिशोब

आपला डोंगर काळ्या दगडाचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झालेला. हा दगड पाणी फारसं धरून ठेवत नाही. भेगांमधून आणि दोन थरांच्या सांध्यांतून जेवढं झिरपतं तेवढंच. त्यात संभाजीनगरचा वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे ऑगस्टात धो धो कोसळणारा ओढा डिसेंबरात नुसता गोट्यांचा रस्ता होतो. जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. सोयगाव तालुक्यातल्या सुतोंड्याच्या किल्ल्यावर गेलात की तटबंदीपेक्षा कातळात खोदलेली पाण्याची टाकीच जास्त लक्षात राहतात.

पण टाकं आहे म्हणजे प्यायचं पाणी आहे, असं नाही. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही हीच चूक केली. फेब्रुवारीचा महिना, चौदा माणसं, माणशी दीड लिटर पाणी, आणि "वर टाकं आहे" हा भरवसा. टाक्यात पाणी होतं, पण हिरवं, वर तवंग, आणि कडेला मरून पडलेलं घुबड. खाली गावात पोचेपर्यंत दोघांना चक्कर आली. पायथ्याच्या एका मामांनी निघतानाच विचारलं होतं, "येवढं कमी पाणी का घ्यायलात?" आणि आम्ही हसलो होतो. तेव्हापासून नियम एकच: थंडीत माणशी चार लिटर, ऑक्टोबरच्या उन्हात पाच. गाडीत बसण्याआधी आम्ही बाटल्या मोजतो. चार लिटर म्हणजे पाठीवर चार किलो, याची तक्रार दरवेळी होते. परतीच्या चढावर कोणी करत नाही.

मार्च ते मे आम्ही सहली काढत नाही. कितीही मोठा गट असो, कंपनीची ऑर्डर असो, नाही.

कुठं नेतो

नवख्यांना आधी पितळखोरे. कन्नड तालुक्यात दरीच्या कुशीत चौदा लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरुवात झालेली, म्हणजे वेरूळच्या कितीतरी आधीची. वरून पायऱ्यांनी उतरायचं, ओढा ओलांडायचा. जोत्यावर कोरलेली हत्तींची रांग बघायला माणसं भराभर पुढं जातात. आम्ही तिथंच अर्धा तास बसवतो. पाय तयार असणाऱ्यांना तिथून जंगलातून खाली पाटणादेवीकडे उतरवतो आणि गाडी घाटातून फिरून खाली येते, म्हणजे चढ वाचतो. पाटणादेवीच्या याच पाटण गावी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख मिळाला. गणिताचे शिक्षक आले की या वाटेवर वेळापत्रक कोलमडतं, ते आम्ही धरूनच चालतो.

अंतूरला नागापूरवरून जातो. किल्ला पठारातून पुढं आलेल्या सोंडेवर आहे आणि सोंड व किल्ला यांच्यामधला कातळ माणसांनी तोडून खाच केली आहे. त्या खाचेत उभं राहून वर बघितलं की छिन्नीचे घाव दिसतात. एकामागून एक दरवाजे, फारसी शिलालेख, पाण्याचा तलाव, सगळं निवांत बघायला पूर्ण दिवस लागतो.

मुक्कामाची सहल वेताळवाडी आणि जंजाळ्याची, दोन दिवसांची. पहिल्या दिवशी हळद्याच्या घाटातून वेताळवाडीचा किल्ला, रात्री गावातल्या शेतात तंबू, दुसऱ्या दिवशी जीपने अंभईकडून जंजाळ्याचा किल्ला आणि तिथून घटोत्कच लेणी. या लेण्यात वाकाटक राजांचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. अजिंठ्याचं सोळावं लेणं खोदवलं तेही यानंच. अजिंठ्याला रांगेत उभं राहून जे बघायचं, त्याचाच भाऊबंद इथं बहुतेक वेळा फक्त तुमच्यासाठी उघडा असतो. आमच्या मते मराठवाड्यातली ही सगळ्यात चांगली दोन दिवसांची पायपीट.

पावसाळ्यात फक्त एक दिवसाच्या सहली. ओला काळा दगड शेवाळला की तेल ओतल्यासारखा होतो.

आग्या मोहोळ

बिबट्याबद्दल सगळे विचारतात. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, २६० चौरस किलोमीटर आहे, बिबटे आहेतच, आणि २०२१ मध्ये तर यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ इथल्या कॅमेऱ्यात दिसला. पण गटानं बोलत जाणाऱ्या माणसांच्या वाटेला ही जनावरं जात नाहीत. आम्हाला भीती वाटते ती मधमाश्यांची. कड्याच्या पोटाला सुपाएवढी काळपट पोळी लोंबत असतात. लांबून ती दगडासारखीच दिसतात; मग अचानक पोळ्यावरून एक चकाकती लाट सरकते आणि कळतं की ते सगळं जिवंत आहे. अशी लाट दिसली म्हणजे त्यांनी तुम्हाला पाहिलंय. आवाज न करता मागं फिरायचं.

म्हणून अत्तर, बॉडी स्प्रे, सुगंधी तेल लावून येऊ नका. विडी-सिगारेट तर अजिबात नाही, धुरानं माश्या उठतात. उठल्याच, तर चेहरा कपड्यानं झाकून आल्या वाटेनं जमेल तितकं लांब जायचं. पाण्यात उडी मारू नका. माश्या वर घिरट्या घालत थांबतात आणि कुंडं खोल असतात. मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा, लपवू नका.

सापांसाठी पायात घोट्यापर्यंतचे बूट आणि हात टेकवण्याआधी दगडाकडे एक नजर, एवढं पुरतं. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. हातपाय न हलवता १०८ ची गाडी.

पाठीवर काय, पोटात काय

एका दिवसाला वीस लिटरची, मुक्कामाला पंचेचाळीस लिटरची सॅक बास. पाणी धरून वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका; साठ किलोच्या माणसाला बारा किलो खूप झाले. जड वस्तू पाठीला चिकटून ठेवा. नोव्हेंबरात गवत वाळलेलं असतं आणि कुसळं मोज्यात शिरून पाय सोलवटतात, तेव्हा लांब पँट आणि मोज्यांचा जादा जोड हवाच. टोपी, हेडटॉर्च, ओआरएसच्या दोन पुड्या. तंबू आणि कॅरीमॅट आमच्याकडून.

दुपारचा डबा तुमचा. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणा. हे दुसऱ्या दिवशीही चांगलं राहतं. पावभाजी आणू नका, एकदा एका ताईंनी आणली होती आणि ती सॅकमधल्या सगळ्यांनीच खाल्ली, तंबूसकट. रात्री आम्ही येसराची आमटी आणि भाकरी करतो. भाजलेली धान्यं, डाळी, मसाले एकत्र दळलेलं येसर पिशवीत अगदी हलकं असतं, उकळत्या पाण्यात टाकलं की दहा मिनिटांत आमटी तयार. डोंगरात न्यायला यापेक्षा सोयीचं काही आम्हाला अजून सापडलेलं नाही. भाकरी गावातल्या मावश्या चुलीवर करून देतात, त्याचे पैसे थेट त्यांना जातात.

अभयारण्यात मुक्काम, शेकोटी आणि लाकूडतोड नाही. वनखात्याची प्रवेशाची पावती आम्ही काढतो, तुम्ही आधार कार्डाची झेरॉक्स द्या.

पैसे आणि वेळ

एक दिवसाची सहल माणशी १,१०० रुपये, मुक्कामाची २,६००, गाडीभाडं आणि वाटाड्या धरून. दहापेक्षा कमी माणसं झाली तर सहल पुढं ढकलतो, बारा वर्षांखालच्या मुलांना मुक्कामाला घेत नाही. पावसामुळे किंवा माश्या उठल्यामुळे अर्ध्यातून परतावं लागलं तर पैसे परत नाहीत, पण त्याच हंगामातली पुढची सहल निम्म्या दरात. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत नाव काढलंत तर सगळी रक्कम परत देतो.

गाडी पहाटे साडेपाचला सुटते. पाच वाजता या, कारण बाटल्या मोजायच्या असतात.