आल्याचा अर्क, दाह आणि मेंदूतलं सेरोटोनिन

‘आल्याचा अर्क घ्या, मेंदूतलं सेरोटोनिन वाढवा’ असे दावे सर्रास वाचायला मिळतात. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं आणि ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. मेंदू आपलं सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतःच बनवतो. आल्याचा संबंध लागलाच तर इथे लागतो, तोही दाहामार्गे.

पेशीत एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन एरवी दुसऱ्या एका प्रथिनाने जखडून ठेवलेलं असतं. इजेचा किंवा जंतूचा संदेश आला की आयकेके नावाचं एन्झाइम त्या राखणदार प्रथिनाला फॉस्फेट जोडतं आणि पेशी लगेच त्याचा चुरा करते. सुटलेलं एनएफ-कॅपा-बी केंद्रकात जाऊन टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६, कॉक्स-२ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनांची जनुकं चालू करतं. दाह पेटला की, विशेषतः इंटरफेरॉन-गॅमा हे प्रतिकारपेशींचं संदेशवाहक प्रथिन वाढलं की, आयडीओ हे एन्झाइम जोर धरतं. ते ट्रिप्टोफॅन कायन्युरेनिन या दुसऱ्याच पदार्थाकडे वळवतं आणि सेरोटोनिनचा कच्चा माल तुटतो.

प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये ६-जिंजेरॉल आणि ६-शोगाओल ही आल्यातली तिखट संयुगं या साखळीला सुरुवातीलाच मंद करतात. त्यात शोगाओल जास्त प्रभावी. आलं सुकवताना किंवा तापवताना जिंजेरॉलमधून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि शोगाओल बनतं; त्या जागी कार्बनचा दुहेरी बंध तयार होतो आणि तो प्रथिनांमधल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाशी थेट जोडला जातो. त्यामुळे ताज्या आल्याचा अर्क आणि सुंठीचा अर्क एकच समजू नयेत.

अडचण पुढे आहे. गिळलेलं जिंजेरॉल आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात ग्लुकुरोनिक आम्लाशी किंवा सल्फेटशी बांधलं जातं. निरोगी माणसांना २ ग्रॅमपर्यंत अर्क देऊन रक्त तपासलं, तेव्हा मुक्त ६-जिंजेरॉल सापडलंच नाही. बांधलेली रूपं सापडली. पेशींवर ओतलेल्या मात्रेचे निष्कर्ष म्हणूनच मेंदूला लावता येत नाहीत, आणि कॅप्सूलच्या भरवशावर नैराश्याची औषधं बंद करणं घातक आहे.

मळमळीवर मात्र आल्याला बरा आधार आहे, कारण तिथे आतड्यातले ५-एचटी३ ग्राही (सेरोटोनिनचा संदेश पकडणारी प्रथिनं) अडवले की बरंच काम होतं. मेंदूपर्यंत पोचावं लागत नाही. गुडघ्याच्या संधिवातात वेदना थोडी कमी होते, इतकंच. अर्क घ्यायचाच असेल तर वेष्टनावर जिंजेरॉलचं प्रमाण छापलंय का ते पाहा. नुसतं ‘५०० मिलिग्रॅम’ लिहिलं असेल तर आत नेमकं काय आहे ते कळत नाही. जास्त मात्रेने छातीत जळजळ होते. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्क घेऊ नये.