उजनीच्या आकड्यात न दिसणारे पाणी

उन्हाळा सरत आला की सोलापुरात घरोघरी एकच चौकशी सुरू होते : उजनी किती टक्क्यांवर आहे? भीमेवरच्या या धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) असली, तरी त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत, म्हणजे सहसा न वापरायचा, धरला जातो. त्यामुळे धरण 'मायनस'मध्ये, म्हणजे मृत साठ्याच्या पातळीखाली, गेले की 'प्लस'मध्ये आले, हे इथे हवापाण्याच्या गप्पांइतके सहज बोलले जाते. शहराचे पिण्याचे पाणी आणि कालव्याखालचा ऊस या आकड्यावर अवलंबून असल्यामुळे त्याकडे सर्वांचे लक्ष असणे स्वाभाविकच आहे. मात्र मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारातल्या कोरडवाहू ज्वारीला धरणाचे पाणी मिळत नाही. ती परतीच्या पावसावर पेरली जाते आणि पुढचे चार महिने जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. ती ओल यंदा किती आहे, हे मात्र कोणत्याही वर्तमानपत्रात छापून येत नाही.

स्वीडनच्या जलशास्त्रज्ञ मालिन फाल्केनमार्क यांनी १९९५ मध्ये या दोन पाण्यांना दोन नावे दिली. नद्या, तलाव, धरणे आणि भूजल यांतले पाणी 'निळे', तर मातीत थांबून मुळांवाटे पिकात जाणारे आणि पानांवाटे हवेत परतणारे पाणी 'हिरवे'. ही विभागणी शब्दांपुरती नव्हती. जगातली सुमारे ८० टक्के लागवडीची जमीन पावसावर पिकते आणि जवळपास ६० टक्के अन्न तिथूनच येते; सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत तर जिराईत शेतीचा वाटा ९५ टक्क्यांच्या घरात आहे. तरीही विकसनशील देशांतल्या पाण्याच्या योजना दीर्घकाळ निळ्या पाण्याभोवतीच आखल्या गेल्या, कारण ते अडवता, मोजता आणि वाटता येते.

हिरवे पाणी मोजायला बसले की त्याचा आकार लक्षात येतो. खोल काळ्या मातीच्या एका मीटर थरात पिकाला घेता येईल अशी साधारण १५० ते २०० मिलिमीटर ओल मावते. एक मिलिमीटर पाणी म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर. म्हणजे कमीत कमी धरले तरी एका हेक्टरात पंधरा लाख लिटर, दहा हजार लिटरचे दीडशे टँकर. असे एक लाख हेक्टर धरले तर हिशेब पाच टीएमसीच्या पुढे जातो, आणि सोलापूर जिल्ह्यातले रब्बी ज्वारीचे क्षेत्र काही लाख हेक्टरांत मोजले जाते. यात एक मेख आहे. माती हातभर खोल असेल तर हा साठा निम्म्याहून कमी होतो आणि खाली मुरूम लागला की संपतो. म्हणूनच राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ज्वारीच्या वाणांची शिफारस जमिनीच्या खोलीनुसार केली आहे : हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा.

साठा भरणे एक आणि तो टिकवणे दुसरे. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. डिसेंबरात ज्वारीचे कणीस पोटरीतून, म्हणजे पानाच्या वेष्टनातून, बाहेर पडत असताना शिवारात पाहावे, तर दोन ओळींच्या मधोमध भेग गेलेली असते. तिच्यात घातलेली काठी हातभर सहज आत जाते आणि भेगेच्या दोन्ही कडांना तुटलेली पांढरी मुळे लोंबत असतात. वरचा वाळलेला थर खरे तर खालच्या ओलीवर झाकणासारखा असतो, पण भेग ते झाकण फोडते आणि खोलवरची ओली भिंत थेट वाऱ्याला उघडी पडते. मुळे तुटतात ते वेगळेच.

यावरचा उपाय याच मातीत तपासला गेला. १९३३ पासूनच्या दोन-तीन वर्षांत देशात कोरडवाहू शेतीची जी पाच संशोधन केंद्रे निघाली, त्यांत सोलापूर होते. विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतक ही बाकीची. पद्धत अशी : पावसाआधी शेतात सारे, म्हणजे मातीचे लहान बांध, पाडून सपाट वाफे करणे, म्हणजे पडलेला थेंब वाफ्यातच मुरेल. बी आणि खत दोन चाड्यांच्या पाभरीने (पेरणीच्या अवजाराने) ओलीत पडेल असे पेरणे. आणि पुढे तीन कोळपण्या, म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती वरवर उकरणे : पहिली तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पाचव्या आणि तिसरी आठव्या आठवड्यात. तिसरी कोळपणी दातेरी कोळप्याने करायची असते, आणि तिचे मुख्य काम तण काढणे नसून भुसभुशीत मातीने भेगा बुजवणे हे असते. 'एक कोळपणी, अर्धे पाणी' असे जे म्हटले जाते, त्यामागे हे पदार्थविज्ञान आहे.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात याकुबा सावादोगो नावाच्या शेतकऱ्याने १९८० च्या सुमाराच्या दुष्काळात उलट बाजूचा प्रश्न सोडवला. तिथली जमीन वरून पापुद्र्यासारखी कडक झालेली असते आणि पाऊस आत न मुरता वाहून जातो. 'झाई' नावाचे जुन्या पद्धतीचे खड्डे त्यांनी अधिक मोठे खणले आणि पावसापूर्वीच त्यांत शेणखत घातले. खताला वाळवी लागली, तिच्या बिळांनी जमीन पोकळ झाली आणि पाण्याला आत जायला वाट मिळाली. २०१८ मध्ये त्यांना 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला. हाच खड्डा मंगळवेढ्याच्या गाळवट जमिनीत खणला तर त्यात पाणी साचून मुळे गुदमरतील. हिरव्या पाण्याचे तंत्र एका देशातून दुसऱ्या देशात जसेच्या तसे उचलून नेता येत नाही, याचे मला याहून चांगले उदाहरण माहीत नाही.

ओल शिल्लक असली तरी ती कधी खर्च होते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत माणसाहून उंच नळ्यांत माती भरून त्यांत ज्वारी-बाजरी वाढवतात आणि नळ्या वेळोवेळी वजन करून झाडाने किती पाणी घेतले ते मोजतात. त्यातून असे दिसले की दुष्काळात तगणारे वाण एकूण पाणी जास्त घेतातच असे नाही. ते सुरुवातीला हात राखून खर्च करतात आणि दाणे भरताना लागणारे पाणी मागे ठेवतात. मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी ३५-१ इतकी वर्षे टिकून आहे, ती तिच्या भाकरीच्या चवीमुळे आणि कडब्यामुळेही. पण उशिरा येणारा ताण सोसण्याची तिची ताकद हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

मोजमापाची अडचण आता थोडी कमी होते आहे. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ नियमावलीत मातीतली ओल हा एक निकष आहे, आणि २०१५ मध्ये अमेरिकेने सोडलेला 'स्मॅप' उपग्रह जमिनीतली ओल अवकाशातून टिपतो. मात्र त्याला वरची सुमारे पाच सेंटिमीटर मातीच दिसते. नोव्हेंबरात सोलापूरच्या शेतात तो थर खडखडीत वाळलेला असतो आणि वीतभर खाली मूठ वळेल अशी ओल असते. खालचा अंदाज गणिताने बांधावा लागतो आणि त्या गणिताला प्रत्येक गावच्या मातीची खोली ठाऊक असावी लागते. उजनीच्या टक्केवारीशेजारी पेरणीच्या वेळी तालुकावार ओलीचा आकडा छापायचा असेल, तर आधी शेतोशेत गिरमिटाने माती काढून पाहण्याचे काम करावे लागेल, आणि ते करण्यासारखे आहे.

शेतावरची अडचण याहून तातडीची आहे. आठव्या आठवड्यात ज्वारी उंच झालेली असते, ट्रॅक्टर आत घातला तर ताटे मोडतात आणि दातेरी कोळपे ओढायला बैलजोडी लागते. बैल दावणीतून कमी होत चालले आहेत. त्यामुळे पहिल्या दोन कोळपण्या कशाबशा होतात आणि तिसरी राहते, ती नेमकी भेगा बुजवणारी. उंच पिकाच्या दोन ओळींतून एका माणसाला चालवता येईल, कणसाला धक्का लावणार नाही आणि लहान शेतकऱ्याला परवडेल असे हलके कोळपणी यंत्र, ही या घडीला सोलापूरच्या ज्वारीची गरज आहे.