उपकेंद्राची टीम कशी घडत गेली

शासनाकडून आरोग्याची एखादी नवी पद्धत येते, तेव्हा तिच्याबरोबर परिपत्रक येते, एक दिवसाचे प्रशिक्षण येते आणि नवे रजिस्टर येते. पुणे जिल्ह्यात, वेल्ह्यातल्या उपकेंद्रात, आंबेगावच्या डोंगरी वाडीवर किंवा पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत ती टिकते की नाही, हे मात्र तिथे रोज काम करणाऱ्या चार-पाच जणींचे आपसात कसे जमते यावर ठरते. उपकेंद्राचे प्रमुख असलेले समुदाय आरोग्य अधिकारी आणि त्यांची टीम यांना वाढीव मोबदला एकेकीच्या कामावर द्यावा की सगळ्या टीमच्या कामावर, हा वाद आज समजून घ्यायचा, तर ही टीम तुकड्यातुकड्याने कशी उभी राहिली ते पाहावे लागते.

त्यासाठी प्लेगपर्यंत मागे जायला नको. १९७३ पर्यंत गावात येणारा प्रत्येक आरोग्य कर्मचारी एका आजाराचा होता. हिवतापवाला रक्ताचा नमुना घेऊन जाई, देवीवाला लस टोचून जाई, कुटुंब नियोजनवाला वेगळाच. त्या वर्षी केंद्राच्या एका समितीने ही सगळी कामे एकत्र करून ‘बहुउद्देशीय’ कर्मचारी नेमण्याची शिफारस केली. प्रत्येक उपकेंद्रावर एक स्त्री आणि एक पुरुष, अशी ती कल्पना होती. कागदावर ही पहिली टीम. प्रत्यक्षात पुरुष कर्मचाऱ्याची पदे अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे रिकामी राहिली आणि सगळा भार नर्सताईंवर आला. २ ऑक्टोबर १९७५ पासून अंगणवाडी आली. गाव तेच, माता त्याच, बाळेही तीच. पण खाते वेगळे, वरिष्ठ वेगळे, बैठकही वेगळी.

त्याच दशकात जामखेडला आणि आपल्या शिरूर तालुक्यातल्या वढू परिसरात वेगळे काही घडत होते. गावातल्याच, बहुतेक कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले जात होते. पुढच्या काळात या कामांचे कौतुक झाले ते ‘गावातली बाई निवडली’ म्हणून. पण जामखेडला या बायका दर आठवड्याला केंद्रावर जमत, डॉक्टर आणि परिचारिकांसमोर बसून आपल्या गावातली आजारपणे मांडत, चुकले ते बोलत, नवे ते शिकून परत जात. जुलाबात घरी साखर-मिठाचे पाणी द्यायचे, बाळंतिणीला उपाशी ठेवायचे नाही, असल्या गोष्टी घराघरांत पोचल्या त्या या बैठकांतून. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशाताई आली तेव्हा शासनाने ती बाई घेतली. आठवड्याची बैठक मात्र घेतली नाही. महिन्यातून एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रावर आशांची सभा होते. तिचा बराचसा वेळ अहवाल जमा करण्यात आणि मोबदल्याचे तक्ते भरण्यात जातो.

आशाताईच्या मोबदल्याची रचनाही एकटीच्या कामावर बेतलेली होती. दवाखान्यात बाळंतपण झाले की इतके, बाळाचे लसीकरण पुरे झाले की इतके. पगार नाही, ‘स्वयंसेविका’ हा दर्जा. अशा रचनेत एकीने दुसरीचे काम हलके करावे, याला काही कारणच उरत नाही.

टीममुळे नवी पद्धत कशी रुजते, याचे परदेशातले काही गाजलेले अभ्यास शस्त्रक्रियागृहातले आहेत. हृदयशस्त्रक्रियेची छोट्या छेदातून करायची नवी पद्धत १६ रुग्णालयांनी कशी आत्मसात केली, याचा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्जनचा अनुभव किंवा रुग्णालयाचा नावलौकिक यांवर यश ठरले नाही. जिथे टीम मुद्दाम निवडलेली होती, सुरुवातीच्या शस्त्रक्रियांमध्ये तीच माणसे कायम राहिली आणि परिचारिकेला ‘थांबा, काहीतरी चुकतंय’ असे म्हणायची मुभा होती, तिथे पद्धत रुजली. २००९ मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षेसाठीच्या एका तपासणी यादीचे निष्कर्ष आले. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत यादी वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. जगभर यादी लागू करण्याची लाट आली. पण कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांनी ती लागू केल्यानंतरचा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला, त्यात मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. यादी तशीच होती. ती म्हणताना सगळे खरोखर थांबत होते की कुणीतरी एकटेच खुणा करून मोकळे होत होते, ही शंका तेव्हापासून आहे.

आपल्याकडचा सगळ्यात बोलका दाखला उत्तर प्रदेशातला. तिथल्या १२० आरोग्य केंद्रांपैकी निम्म्यांत बाळंतपणाची तपासणी यादी आणि तिच्यासोबत प्रशिक्षक देऊन पाहिले, उरलेली निम्मी तुलनेसाठी ठेवली. प्रशिक्षक येत होते तोवर योग्य पद्धतींचे प्रमाण चांगले वाढले, त्यांच्या भेटी संपल्यावर घसरले. माता आणि बाळांच्या मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. हे निकाल आले २०१७ मध्ये, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस प्रसूतिगृहांच्या दर्जासाठीचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम देशभर जाहीर झाला.

आता मुख्य वादाकडे. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रांची घोषणा झाली आणि उपकेंद्रावर एक नवे पद आले: समुदाय आरोग्य अधिकारी, बोलीभाषेत सीएचओ. महाराष्ट्रात या पदावर बीएएमएस झालेले तरुण डॉक्टर मोठ्या संख्येने आले. सहा महिन्यांचा जोडअभ्यासक्रम करून कंत्राटी नेमणूक. उपकेंद्राचे प्रमुख म्हणून त्यांना बसवले गेले. ज्या नर्सताईने पंधरा-वीस वर्षे ते उपकेंद्र एकटीने सांभाळले, जिला कुठल्या घरात कोणती सून माहेरून परत आलेली नाही हे ठाऊक, ती एका दिवसात कुणाच्या तरी हाताखालची झाली. ही गोष्ट परिपत्रकात एका ओळीत मावली. उपकेंद्रात ती मावायला बराच काळ लागला, आणि काही ठिकाणी अजूनही मावलेली नाही.

त्यात पैशांची रचना आली. महाराष्ट्रात सीएचओंना सुरुवातीला २५ हजार रुपये मानधन आणि कामगिरीनुसार १५ हजारांपर्यंत वाढीव मोबदला ठरला. ही कामगिरी मोजायची कशावर? ओपीडी, गरोदर मातांच्या तपासण्या, तिशीपुढच्यांची रक्तदाब-मधुमेह तपासणी वगैरे निर्देशांकांवर. यातले बरेच काम आशाताई आणि नर्सताईंच्या पायांवर उभे असते. सीबॅकचा, म्हणजे तिशीपुढच्या माणसांना असलेला आजाराचा धोका नोंदवायचा फॉर्म घरोघर जाऊन भरते आशा. त्यावरून आकडा चढतो आणि सीएचओंचा मोबदला ठरतो. हा तिढा धोरणकर्त्यांनाही दिसत होता, म्हणूनच नर्सताई, पुरुष आरोग्य कर्मचारी आणि आशा यांच्यासाठी टीमवर आधारित प्रोत्साहन भत्ता ठेवला गेला.

यावर दोन बाजूंनी बोलले जाते. बाजूने बोलणारे म्हणतात, एकटीच्या मोबदल्याची सवय मोडायची तर पैसा टीमचा असायला हवा. मग रक्तदाबाची गोळी बंद केलेल्या आजोबांच्या घरी कोण जाणार, यावर वाद होणार नाही. विरोधातले म्हणतात, पानशेतच्या पलीकडच्या वाड्यांची जबाबदारी असलेल्या आशेचा आकडा रस्त्यालगतच्या गावाइतका कधीच येणार नाही. टीमचा निकाल एक म्हटला की सगळ्यांचा रोष तिच्यावर. शिवाय या टीमच्या भत्त्यात अंगणवाडीताई नाही. बाळाचे वजन ती करते, कुपोषित मूल आधी तिच्या नजरेस येते, लसीकरणाच्या दिवशी जागा तिची. पण खाते वेगळे म्हणून ती टीमबाहेर.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरीही रकमेवरच्या वादात एक गोष्ट मागे पडते: या चौघींच्या नेमणुका चार तऱ्हांच्या आहेत. सीएचओ कंत्राटी, नर्सताई कुठे जिल्हा परिषदेच्या कायम तर कुठे कंत्राटी, आशा स्वयंसेविका, अंगणवाडीताई मानधनावर. एकत्र बसायची वेळ कुणाच्याच कामाच्या तासांत धरलेली नाही. भत्ता टीमला आणि वेळ कुणालाच नाही, ही विसंगती मला रकमेपेक्षा जास्त गंभीर वाटते.

वेळ दिला तर काय होते, हे शेजारच्या साताऱ्यात दिसले. २०१७ च्या अखेरीपासून पाच राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत सातारा होता. औषधांचा एकच सोपा क्रम, नियमित पुरवठा, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि कामाची वाटणी. रक्तदाब मोजायचा परिचारिकेने, डॉक्टरने फक्त उपचार ठरवायचा किंवा बदलायचा, न आलेल्यांचा पाठपुरावा आशांनी करायचा. टीमने काम करणे हा या कार्यक्रमाच्या पाच खांबांपैकी एक म्हणून आधीच लिहिलेला होता, नंतर सुचलेली जोड नव्हती.

मग कोरोना. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले. पेठा आणि वस्त्यांमध्ये सर्वेक्षणाला शिक्षक, महापालिकेचे कर्मचारी, आशा, संस्थांचे कार्यकर्ते एकत्र फिरले. सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक अशी पथके ठरली, रोज ५० घरे. ऑक्सिमीटर हे तोवर रुग्णालयातले यंत्र. काही आठवड्यांत ते उंबरठ्यावर वापरले जाऊ लागले. इतक्या वेगाने कुठली पद्धत रुजली असेल, तर त्याचे कारण भीती होती तसेच रोज संध्याकाळी भरणारा आढावाही होता. पुढच्या वर्षी ती चौकट विरली. जून २०२१ मध्ये राज्यभरच्या आशा संपावर गेल्या. ऑगस्टमध्ये अंगणवाडीताईंनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले, कारण पोषण ट्रॅकर हे नोंदींचे ॲप इंग्रजीत होते आणि निकृष्ट फोनवर ते चालत नव्हते. वापरणाऱ्यांना न विचारता साधन आले की काय होते, हे तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने पाहिले.

त्याच २०२१ च्या जूनमध्ये आणखी २३ गावे पुणे महापालिकेत आली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही त्यांतलीच. जिल्हा परिषदेची माणसे, महापालिकेची माणसे आणि मध्ये वाढत गेलेल्या सोसायट्या. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या याच पट्ट्यात गुइलेन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा घरोघर सर्वेक्षण, पाण्याचे नमुने आणि रुग्णालयांकडून येणारी माहिती यांची सांगड तातडीने घालावी लागली.

नोंदींचे तुकडे आजही तसेच आहेत. एकाच बाळाची लस नर्सताई यू-विन या लसीकरणाच्या पोर्टलवर चढवते, त्याच बाळाचे वजन अंगणवाडीताई पोषण ट्रॅकरवर भरते आणि दोघींच्या आधी तेच बाळ आशाताईच्या डायरीत आलेले असते. या तीन नोंदी एका जागी ताडून पाहता येतात त्या महिन्यातून एकदाच, गावातल्या आरोग्य, स्वच्छता व पोषण दिनी, आणि तिघीही त्या दिवशी हजर असतील तरच.