गच्चीवरची टाकी आणि मुळशीचं पाणी

आमच्या दादरच्या सोसायटीत रोज संध्याकाळी सातला वॉचमनकाका पाण्याचा पंप लावतात. मोटर घुर्र करते, जिन्यातला दिवा क्षणभर मंदावतो. ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांचं जाळं, सांभाळणाऱ्यांसाठी हीच वेळ अवघड. सूर्य मावळलेला, म्हणजे सौरवीज बंद, आणि घरोघरी दिवे, पंखे, एसी सुरू.

ग्रिडच्या तारांत वीज साठून राहत नाही. जेवढी वापरली जाते, तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. हा तोल गेला की विजेची वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी तिची आवर्तनं, 50 हर्ट्झवरून ढळते. आपल्याकडे ती 49.90 ते 50.05 एवढ्याच पट्ट्यात ठेवायची असते. थंड पडलेला कोळशावरचा वीजनिर्मिती संच पुन्हा चालू व्हायला कित्येक तास लागतात. पाण्यावरचा संच काही मिनिटांत चढतो-उतरतो.

5 एप्रिल 2020 आठवा. रात्री नऊला देशानं नऊ मिनिटं दिवे मालवले. मागणी 12-13 हजार मेगावॅटनं उतरेल असा अंदाज होता. उतरली सुमारे 31 हजारांनी! जलविद्युत केंद्रांनी उत्पादन झपाट्यानं खाली आणलं, दिवे लागताच पुन्हा वर नेलं. त्या रात्रीच्या अभियंत्यांचं कौतुक आपण फारच कमी केलं.

मुंबईला 1927 पासून वीज देणारं रायगडमधलं भिरा केंद्र मुळशी धरणाच्या पाण्यावर चालतं. तिथला 150 मेगावॅटचा एक संच उलटाही फिरतो. वीज मुबलक असताना खालचं पाणी परत वर चढवायचं, नड आली की तेच सोडायचं. अशा केंद्रांत 100 युनिट खर्चले तर साधारण 75 ते 80 परत मिळतात. दुपारचं ऊन रात्रीसाठी राखायला ही घट मला मुळीच जड वाटत नाही.

साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या मात्र पावसाळ्यात जोरात, पुढे मंद; रोजच्या संध्याकाळसाठी त्यांच्यावर विसंबता येत नाही.

उरलेलं काम वापरणाऱ्यांचं. शेतीपंपांना दिवसा सौरवीज देणारी राज्याची योजना 2017 पासून आहे. शहरात तेच काम गच्चीवरची टाकी करू शकते. साडेसात हॉर्सपॉवरचा पंप म्हणजे साडेपाच किलोवॅट. अशा हजारो इमारतींनी दुपारी टाक्या भरल्या, तर संध्याकाळचा तेवढा भार हलतो.

काकांना विचारलं. म्हणाले, "दुपारी दोनला लावतो की! फक्त पहाटेचं पाणी खालच्या टाकीत पुरेसं आलेलं हवं."