गिरणी कामगार हट्टाने बुडाला का?

“संपावर गेले, हट्टाला पेटले, म्हणून रस्त्यावर आले.” मुंबईच्या गिरणगावातल्या, म्हणजे कापड गिरण्यांच्या वस्तीतल्या कुटुंबांबद्दल हे वाक्य चाळीस वर्षं फिरतंय. ते खरं नाही.

18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. एकाची नोकरी गेली तर कारण त्याच्या स्वभावात शोधता येईल. लालबाग-परळच्या चाळीच्या चाळी एकदम बेकार होतात, तेव्हा ते कारण पुरत नाही. समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी 1959 मध्ये हाच फरक मांडला होता: खासगी अडचण वेगळी, सार्वजनिक प्रश्न वेगळा.

संपाने घाव घातला, हे नाकारू नये. पण त्याआधीच कित्येक गिरण्यांची यंत्रं जुनाट झाली होती, अनेक मालक त्यांत पैसा घालत नव्हते आणि काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे सरकत होतं, कारण तिथे मजुरी कमी. पुढे 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली. साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या माणसाच्या हातात यातलं काय होतं?

आणि त्याला दोन वेळ जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका? त्या तर संपावर गेल्याच नव्हत्या. तरी त्यांचीही मिळकत बुडाली.